कृपया दार बसवावे

“ही उतरण कशी सुचली हो तुम्हाला, खिल्लारे?”

फोनवर बाई होत्या, पुण्याच्या. माझ्यासमोर एक म्हातारा आधारच्या मशीनवर अंगठा घासत बसला होता. विटा उचलून उचलून त्याच्या बोटावरच्या रेषा गेल्या होत्या आणि मशीन त्याला माणूस मानायला तयार नव्हतं. मी म्हणालो, “कसली उतरण?”

“ओळींची! प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जरा आत सरकून सुरू होते. वाचताना एकेक पायरी खाली उतरत गेल्यासारखं वाटतं. आमच्या मंडळात त्यावर चांगली तासभर चर्चा झाली. मी नलिनी सोहोनी, मासिकाची संपादक. तुमची कविता आम्ही घेतोय.”

“मी कविता पाठवली नाही, ताई.”

“‘कृपया दार बसवावे’ हे तुमचंच ना?”

“माझंच. पण ती तक्रार आहे.”

म्हातारा अंगठा पँटीला पुसत होता.

“तेच तर!” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. “आज कविता म्हणजे तक्रारच असायला हवी. तुम्ही किती नेमकं बोललात.”

मी म्हाताऱ्याला दुसरा अंगठा लावायला सांगितला.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझी बायको संघमित्रा, म्हणजे मित्रा, जाऊन दोनएक महिने झाले होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाला डीपी आहे. डीपी म्हणजे विजेची लोखंडी पेटी, फ्यूज असतात तीत. पेटीला दार होतं म्हणे कधीकाळी. मी जाणता झालो तेव्हापासून ती उघडी. आत तारा, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तांब्याची वेटोळी, एका कोपऱ्यात चिमणीचं घरटं. पेटीला लागूनच नगरपालिकेने नळ बसवला. ज्याने बसवला त्याला पेटी दिसली नसेल असं नाही. गल्ली आमची होती, एवढंच. वरच्या आळीत असा नळ कुणी बसवून दाखवावा.

त्या सकाळी पाऊसही नव्हता. नळाची तोटी गळायची, पेटीखाली कायम ओल. मित्रा हंडा भरून उचलायला वाकली आणि हंड्याचा काठ आतल्या कशाला तरी लागला. मी दुकानात शटर वर करत होतो. गयामावशीची हाक ऐकली. गयामावशी म्हणजे आमच्या समोरच्या घरची म्हातारी, नात्याची नाही, पण मित्राचं बाळंतपण तिनेच केलं होतं. पोर राहिलं नाही, ती गोष्ट वेगळी. मी पोचलो तेव्हा मावशी वाळकं लाकूड घेऊन उभी होती आणि ओरडत होती, “हात लावू नका रे! कुणी हात लावू नका!”

माझ्या बायकोला हात लावू नका, असं ऐकत मी उभा राहिलो. वायरमन येऊन लाइन बंद करेपर्यंत उभा राहिलो.

पुढचं सगळं मी केलं, पण करणारा दुसराच कुणीतरी असावा. पंचनाम्यावर सही केली. हंडा पंचनाम्यात गेला तो आलाच नाही. जलदान विधीला लोक जेवले, भंतेजी बोलले, मी पत्रावळ्या उचलल्या. मावशी म्हणाली, “रड की रं बाबा, छातीत धरून ठिवू नको.” मला रडायला काही येत नव्हतं. दात काढायला सुई देतात तसं सगळं अंग झालं होतं. गालाला हात लावला की गाल दुसऱ्याचा.

मग एका दुपारी मी तक्रार लिहिली. फोनवर लिहिली. मी बारावी नापास माणूस, पण आमच्या शाळेतल्या खंदारे गुरुजींनी एक गोष्ट हातात बसवली होती: नवं वाक्य नव्या ओळीवर घ्यायचं झालं तर आधी दोन बोटं जागा सोडायची. गुरुजी पट्टी नाही, बोटं ठेवून बघायचे. तेव्हापासून मी फोनवरसुद्धा ओळीच्या आधी जागा सोडतो. ही सवय दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

फोनवरचं ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतलं. तो कॉम्प्युटर एका बँकेने भंगारात काढलेला. त्यावर फुकटातली सिस्टीम टाकलेली, आणि लिहायला काळ्या पडद्याचा एडिटर, ज्याला माऊस कळत नाही, सगळं हुकमावर चालतं. मी आणि मित्रा दोघंही तो आपले आपण शिकलो, चुकत चुकत. त्या एडिटरची एक खोड आहे. वरच्या ओळीआधी जेवढी मोकळी जागा, तेवढी तो खालच्या ओळीला न विचारता देतो. त्याला वाटतं तो मदत करतोय. तुम्ही हाताने लिहीत असाल तर ते बरं पडतं. पण बाहेरून आणून चिकटवलं की गोंधळ. ओळीची स्वतःची दोन बोटं असतात, वर हा आधीच्या ओळीची देतो, पुढच्या ओळीला दोन्ही मिळून देतो. मजकूर जिना उतरल्यासारखा उजवीकडे पळत सुटतो.

तसा तो पळाला. असा:

  आमच्या गल्लीच्या तोंडाला डीपी आहे.
    डीपीला दार नाही.
      दार मागून दोन वर्षं झाली.
        डीपीला लागून नळ आहे.
          नळाला पाणी सकाळी येते.
            माझी बायको संघमित्रा पाण्याला गेली.
              हंडा पितळेचा होता.
                डीपीला अजून दार नाही.
                  कृपया दार बसवावे.

मी पडद्याकडे बघत बसलो. वाकडं दिसत होतं. सरळ करायचं मनात आलं नाही. वाकडं तर वाकडं. जेवढे ईमेल पत्ते माझ्याकडे होते तेवढ्यांना पाठवून दिलं: वीज कंपनी, नगरपालिका, आमच्याकडचे सगळे पेपर, आणि वाचनालयात एक मासिक यायचं त्याच्या मागच्या पानावर ‘गावोगावचे वाचक लिहितात’ असं सदर होतं, त्याला.

आमच्याकडच्या पेपरचा लहाने दुकानात आला. चांगला माणूस, झेरॉक्स माझ्याकडूनच काढायचा.

“सुखदेवा, हे तिरकं तिरकं काय पाठवलंस? डोळे फिरले माझे. नीट टाइप करून दे की.”

“नीट टाइप केलं तर छापशील?”

लहाने खुर्चीत बसला. मित्राच्या खुर्चीत. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो उठला. “बातमी नाही जमायची बाबा. कंपनीच्या ठेकेदाराची पानभर जाहिरात असते दर सणाला. तुला माहीत नाही का. जलदान विधीचं निवेदन घेतो, फोटोसकट. त्याला वर कुणाची ना नसते.”

“विधी होऊन गेला.”

“मग पुण्यानुमोदनाचं घेऊ वर्षाला.”

नगरपालिकेने कळवलं, पेटी वीज कंपनीची. वीज कंपनीने कळवलं, नळ नगरपालिकेचा. दोघांचंही खरं होतं. बाकी कुणी काही कळवलं नाही. आणि मग तो फोन आला, उतरणीचा.

अंक आला तेव्हा माझी तक्रार पानाच्या मधोमध होती, सभोवती कोरी जागा, खाली एका झाडाचं चित्र. झाडाचा काय संबंध ते मला आजही कळलेलं नाही. पुढच्या अंकात एका प्राध्यापकाने त्यावर लेख लिहिला. ओळीओळीने सरकणारी ही रचना म्हणजे समाजाच्या तळाकडे नेणारा जिना आहे, असं त्यात होतं. ‘हंडा पितळेचा होता’ या ओळीवर एक अख्खा परिच्छेद होता. पितळ म्हणजे खोटं सोनं. हंडा मित्राच्या आईने लग्नात दिला होता. स्टीलचा घे म्हणालो होतो मी, पण बायकांना आईची वस्तू.

अंक काखेत मारून मी वीज कंपनीच्या उपअभियंत्याकडे गेलो. याआधी गेलो होतो तेव्हा दारातूनच बोलणं व्हायचं. या वेळी साहेबाने अंक उघडला, वाचला, खुर्ची पुढे केली.

“तुम्ही कवी आहात होय! आधी नाही का सांगायचं.” त्याने चहा मागवला. “आमच्या मिसेसना फार नाद आहे वाचनाचा. ही एक प्रत राहू दे माझ्याकडे.”

“ठेवा. साहेब, शेवटची ओळ वाचली का?”

“वाचली ना. फार टोकदार आहे.”

“त्याचं काय झालं?”

“कशाचं?”

“दाराचं.”

साहेब जरा ओशाळला. माणूस वाईट नव्हता, हेच मला जास्त लागतं. “स्टोअरला कळवलंय हो. दारं आली की पहिलं तुमच्या गल्लीला. माझा शब्द.”

चहा चांगला होता. मी पूर्ण प्यालो.

नलिनीताईंचा पुन्हा फोन. मासिकाचा वार्षिक कार्यक्रम आहे, वर्षातली सर्वोत्तम कविता म्हणून तुमचा सत्कार, यायचंच. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, “अहो, दोनशे माणसं ऐकतील. त्यातले काही मोठ्या हुद्द्यांवर आहेत. तुमचा विषय त्यांच्यापर्यंत पोचेल.”

विषय पोचेल म्हटल्यावर मी गेलो. मावशीने भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, “मोठ्या लोकांत चाललास. दाराचं बोल. कवितेचं त्यांचं त्यांना बोलू दे.”

ताईंकडेच उतरलो. दारात पुरुषाच्या चपला होत्या, मला वाटलं मिस्टर घरी आहेत. ताई म्हणाल्या, “यांना जाऊन चार वर्षं झाली. चपला मात्र उचलवत नाहीत. रोज फडकं मारते त्यांच्यावर.” आणि हसल्या. मी चपलांकडे बघितलं. काळ्या, टाचेकडे झिजलेल्या. काहीतरी वाटायला पाहिजे होतं, म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. काही वाटलं नाही.

पोहे देताना त्यांनी विचारलं, “तुम्ही रडलात का हो, खिल्लारे?”

“नाही.”

“लिहिता ना. म्हणून निभावलं.”

“लिहीत नाही मी, ताई. खरंच सांगतो. ते वाकडं आलंय ते चुकून आलंय.”

“चुकून आलेलंच खरं असतं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. या बाईवर मला रागावता येत नव्हतं. राग होता, खंडीभर होता, पण तो तिच्यावर टाकायला जागा सापडत नव्हती.

हॉलच्या दारातच माझी तक्रार उभी होती. फ्लेक्सवाले ज्याला सनबोर्ड म्हणतात तो, बोटभर जाड फोमची पांढरी शीट, माझ्या छातीएवढी उंच आणि उंचीपेक्षा लांब. त्यावर मोठ्या अक्षरांत सगळं, जिन्यासकट. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. एक मुलगी ‘माझी बायको संघमित्रा’ या ओळीखाली उभी राहिली, मैत्रिणीने तिला जरा डावीकडे सरकवलं, फोटो काढला.

भाषणं झाली. शाल झाली. मग मला वाचायला सांगितलं. मी ठरवून आलो होतो. मी माइक धरला आणि अर्ज वाचतात तसं वाचलं. सपाट. मध्ये थांबलो नाही, आवाज चढवला नाही. शेवटी माझ्या पदरचं जोडलं: “हे निवेदन मी उपअभियंता, नगरपालिका मुख्याधिकारी आणि जिल्हा कार्यालयाला दिलं आहे. डीपीला अजून दार नाही. पाणी अजून तिथेच भरतात. तुमच्यापैकी कुणाची ओळख असेल तर कृपया सांगावं.”

मला वाटलं, पोचलं.

मग टाळ्या. पहिल्या रांगेतला एक पांढऱ्या दाढीचा गृहस्थ शेजारच्याला म्हणाला, आणि रांग जवळच असल्याने मला ऐकू आलं, “काय वाचन आहे. भावनेचा एक थेंब नाही.”

प्रश्नोत्तरं होती. एक तरुण उठला, हातात वही. “सर, आपल्या रचनेतला हा उजवीकडे सरकत जाणारा घाट, त्यामागची प्रक्रिया सांगाल?”

मी म्हणालो, सांगतो.

“माझ्या दुकानात एक काळ्या पडद्याचा एडिटर आहे. त्यात बाहेरचं काही चिकटवायचं झालं तर आधी एक हुकूम द्यावा लागतो. सेट पेस्ट. तो दिला की एडिटर स्वतःची अक्कल चालवत नाही, आहे तसं घेतो. नाही दिला तर ओळी अशा पळतात. मी तो हुकूम कायम विसरतो. पहिल्यापासून विसरतो. माझी बायको माझ्या मागच्या खुर्चीवर बसायची, गिऱ्हाइकांचे फॉर्म भरायची. मी काही चिकटवायला लागलो की ती मान वर न करता विचारायची, ‘सेट पेस्ट केलं का?’ गॅस बंद केला का विचारतात तसं. मी दर वेळी म्हणायचो, केलंय की. आणि मग करायचो. हे लिहिलं त्या दिवशी विचारायला ती नव्हती. म्हणून ते वाकडं आलं. घाट नाही, प्रक्रिया नाही. ती असती तर हे सरळ आलं असतं. आणि ती असती तर हे लिहावंच लागलं नसतं.”

मी माइक खाली घेतला.

मग मागच्या रांगेतलं कुणीतरी उभं राहिलं, मग सगळे उभे राहिले, आणि एवढ्या टाळ्या वाजल्या की माझ्या हातातला माइक किंचाळायला लागला. नलिनीताई डोळे पुसत होत्या. तो वहीवाला तरुण भराभर लिहून घेत होता. मी “आग लागली, पळा” म्हणालो असतो तरी ते बसून ऐकले असते आणि नंतर उभे राहिले असते.

कार्यक्रम संपला तशी डेकोरेशनची पोरं खुर्च्या गोळा करायला लागली. सनबोर्ड एकाने उचलून संडासाच्या भिंतीला टेकवला. मित्राचं नाव संडासाच्या भिंतीला. मी ताईंना म्हणालो, “हा मी नेऊ का?”

“अहो, न्याच! घरात लावा, दर्शनी भागात.”

सकाळच्या एसटीला निघालो. बोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी स्टँडवर आलो तर कंडक्टर दारातच आडवा झाला.

“ओ पाहुणे, हे काय?”

“बोर्ड आहे.”

“बोर्ड? मला वाटलं दार घेऊन चाललात कुणाच्या घराचं.” त्याने त्यावर टकटक केलं. “जागा नाही आत. मागच्या सीटच्या मागं उभा करा. आणि दाराचं अर्धं तिकीट काढा.”

मागची माणसं हसली. मी बोर्ड मागे उभा केला आणि त्याच्याशेजारी बसलो. अहमदनगर गेलं, बीड गेलं. गाडी खड्ड्यात गेली की बोर्ड माझ्या खांद्याला लागायचा. फोमची शीट. वीज धरत नाही. पाण्याने भिजत नाही. पेटीचं तोंड केवढं आहे हे मला मोजायची गरज नव्हती. त्या सकाळी मी त्या तोंडाकडे बघत जेवढा वेळ उभा होतो तेवढं पुरेसं होतं.

घरी न जाता सरळ पेटीशी गेलो. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“आलास? काय म्हणली मोठी माणसं?”

“चांगलं आहे म्हणाले.”

“दाराचं?”

“आणलंय,” मी म्हणालो.

मावशीने बोर्डाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. दुसरं काही न विचारता ती आत गेली आणि नायलॉनची दोरी घेऊन आली, कपडे वाळत घालायची, कपडे काढून. मी वायरमनला फोन करून लाइन बंद करायला लावली. त्याला म्हणालो, पेटीत साप शिरलाय. सापासाठी तो लगेच आला.

बोर्ड लांब होता आणि पेटी उंच. आडवा बसेना, म्हणून उभा केला. उभा केल्यावर सगळी अक्षरं आडवी झाली, ओळी खालून वर चढायला लागल्या. मावशीने मान वाकडी करून बघितलं. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, “उलटं लागलंय का रे?”

“उलटं कसं? दार आहे ते.”

वायरमन शिडीला टेकून साप शोधत होता. काय चाललंय ते कळल्यावर त्याने टोपी काढली, परत घातली आणि दोरीची एक गाठ माझ्यापेक्षा घट्ट मारून दिली. लाइन चालू झाली. पेटी बंद होती. मी पहिल्यांदा ती बंद बघत होतो. संध्याकाळी बायका पाण्याला आल्या आणि नेहमीसारखं अंग चोरून उभ्या राहिल्या, मग हळूहळू सैल झाल्या. एकीने बोर्डाला पाठ टेकवली आणि मोबाइलवर बोलत राहिली.

आठवड्याच्या आत कंपनीची जीप आली. माझी बायको मेली तेव्हा जीप आली नव्हती. साहेब नव्हता, एक ज्युनियर होता, त्याच्या हातात कागद.

“कंपनीच्या मालमत्तेवर अनधिकृत फलक लावलाय. हा कुणी लावला?”

“मी.”

“काढा. गुन्हा होतो.”

मावशी हंडा घेऊन उभी होती. ती म्हणाली, “काढ की बाबा. तूच काढ. पण मग इथंच उभा राहा पेटीला पाठ लावून, पाणी जाईस्तोवर. कुणाचं लेकरू जवळ आलं तर हाकल. उद्या बी ये.”

बायका हसल्या. ज्युनियर पोरगाच होता, नवीन नोकरी. त्याने फोन लावला, बाजूला जाऊन बोलला. त्याच्या बोलण्यातलं “हो सर, फोमचा आहे, सर… हो, तीच कविता” एवढं ऐकू आलं. फलक तसाच ठेवून जीप गेली. त्याच आठवड्यात वेल्डिंगवाला आला. खऱ्या पत्र्याचं दार, राखाडी रंग, कडी, कुलूप. स्टोअरला दारं कधी आली कोण जाणे, पण अनधिकृत फलक हटवायचा तर त्या जागी काहीतरी लावावं लागत होतं.

दार बसल्यावर मावशीने कडी वाजवून पाहिली. दोनदा वाजवली. मग हात पदराला पुसले आणि घरात गेली. तिने दिवा लावला नाही, स्वयंपाक केला नाही. मला कळलं ती आत काय करतेय. मी बाहेर उभा राहिलो आणि माझ्या गालाला हात लावून पाहिला. गाल अजून दुसऱ्याचाच होता.

सनबोर्ड मी दुकानाच्या माळ्यावर टाकला. उंदरांनी त्याचा एक कोपरा खाल्लाय.

नलिनीताईंचा फोन पुढच्या अंकाच्या वेळी आला. “खिल्लारे, वाचक विचारतायत. तुमचं नवीन काही पाठवा. त्याच घाटाचं असलं तर उत्तमच.”

मी पाठवतो म्हणालो. फोनवर लिहिलं. खंदारे गुरुजींची दोन बोटं सोडून लिहिलं, सवयच ती. मग कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो. दुकानात एक बाई रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला थांबली होती. चिकटवायच्या आधी माझा हात थांबला आणि मी मोठ्याने म्हणालो, “सेट पेस्ट केलं का?”

“काय म्हणलात?” बाई म्हणाली.

“तुम्हाला नाही.”

केलं. या वेळी ओळी पळाल्या नाहीत. जशा लिहिल्या तशा, दोन बोटं सोडून, एकाखाली एक सरळ आल्या:

  डीपीला दार बसले.
  दाराला कडी आहे, कुलूप आहे.
  पाणी सकाळी येते.
  आभारी आहे.

पाठवून दिलं. बाईची झेरॉक्स निघायच्या आत ताईंचं उत्तर आलं. त्यांनी कधीच उशीर केला नाही, हे त्यांचं मानलं पाहिजे.

‘प्रिय खिल्लारे, मजकूर मिळाला. दार बसलं हे वाचून मनापासून आनंद झाला. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. यात कविता नाही. पुन्हा ती उतरण सापडली की जरूर पाठवा.’

मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं, नाकातून, आवाज करून. मी खुर्ची गर्रकन मागे फिरवली, तिला वाचून दाखवायला.

मागच्या खुर्चीवर झेरॉक्सवाल्या बाईची पिशवी होती. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आली होती. मी त्या जुडीकडे बघत बसलो, आणि बाई म्हणाली, “अहो, काय झालं? अहो दादा, रडताय का तुम्ही?”